बेरोजगारी, हातभट्टी आणि ड्राय पोर्ट: वर्धा जिल्ह्यात गुन्हा ‘धंदा’ कसा बनतो?

वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यातलं सिंदी (रेल्वे) हे गाव विदर्भात दोन गोष्टींसाठी ओळखलं जातं. एक म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लाकडी नंदीबैल घेऊन भरणारा तान्हा पोळा आणि दुसरं म्हणजे गावाजवळचा ड्राय पोर्ट. समुद्रापासून शेकडो किलोमीटर लांब असलेल्या या गावात कंटेनर हाताळणारं लॉजिस्टिक पार्क उभं राहणार, इथल्या पोरांच्या हाताला काम मिळणार, ही चर्चा अनेक वर्षं सुरू आहे.

याच जिल्ह्याची तिसरी ओळख मात्र पोलिसांच्या प्रेस नोटमध्ये दिसते. दारूबंदी असलेल्या वर्ध्यात हातभट्टीवर छापा, मोहाचा सडवा नष्ट, दुचाकीवरून दारू नेताना अटक, या बातम्या वर्षभर येत असतात. पकडले जाणारे बहुतेक जण बेड्यांवर, झोपडपट्टीत किंवा गावकुसाबाहेर राहणारे असतात.

मग बेरोजगारीमुळे गुन्हेगारी वाढते, हे खरं आहे का? आणि कारखाने आले की गुन्हे आपोआप कमी होतात का?

थोडक्यात

- बेरोजगारीचा संबंध मारामारी-खुनापेक्षा चोरी आणि बेकायदा धंद्याशी जास्त घट्ट आहे.
- हा संबंध दोन्ही बाजूंनी चालतो. काम नाही म्हणून गुन्हा आणि गुन्ह्याची नोंद झाली म्हणून काम नाही.
- मोठा प्रकल्प जवळ आला तरी कागदपत्रं, कौशल्य आणि भांडवल नसलेल्या वस्तीपर्यंत त्याचा फायदा आपोआप पोहोचत नाही.

बेकारी वाढली की गुन्हे वाढतात का?

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६८ मध्ये एक मांडणी केली, तिच्यावर आजही चर्चा होते. माणूस गुन्हा करताना नकळत हिशोब करतो, असं ते म्हणतात. गुन्ह्यातून किती मिळेल, पकडलं जाण्याची शक्यता किती, शिक्षा केवढी आणि सरळ मार्गाने किती कमावता येईल? सरळ मार्गाची कमाई शून्यावर आली की हिशोब बिघडतो.

पण हे गणित सगळ्या गुन्ह्यांना लागू होत नाही. अमेरिकेतल्या राज्यांची आकडेवारी तपासणाऱ्या अभ्यासांत बेकारी आणि मालमत्तेचे गुन्हे, म्हणजे चोरी-घरफोडी, यांचा संबंध स्पष्ट दिसला. हिंसक गुन्ह्यांशी मात्र तो कच्चा निघाला. २००८ च्या मंदीनंतर ऑक्टोबर २००९ मध्ये तिथला बेकारीचा दर १० टक्क्यांवर गेला, तरी त्या काळात गुन्ह्यांची संख्या घटत राहिली. त्यामुळे ‘बेकार म्हणजे गुन्हेगार’ हे समीकरण चुकीचं आहे. बेकार असलेले बहुसंख्य लोक कधीही गुन्हा करत नाहीत.

भारतात चित्र थोडं वेगळं आहे, कारण इथे शेतीचं उत्पन्न पावसावर टिकून असतं. लक्ष्मी अय्यर आणि पेटिया टोपालोवा यांनी भारतातल्या जिल्ह्यांचा अभ्यास केला, तेव्हा पाऊस कमी झाला की गुन्हे वाढतात, असं आढळलं. कापूस, सोयाबीन आणि तुरीवर चालणाऱ्या वर्ध्यासारख्या जिल्ह्यासाठी ही महत्त्वाची गोष्ट आहे. इथे शेतमजुराला वर्षभर काम नसतं. पेरणी, निंदण आणि वेचणी हे हंगाम संपले की हात रिकामे राहतात.

वर्ध्यात दारूच का?

महात्मा गांधी १९३६ मध्ये सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला राहायला आले. गांधीजींची कर्मभूमी म्हणून १९७० च्या दशकाच्या मध्यापासून वर्धा जिल्ह्यात संपूर्ण दारूबंदी आहे. पुढे १९९३ मध्ये गडचिरोलीतही ती लागू झाली. शेजारच्या नागपूर, यवतमाळ आणि अमरावती जिल्ह्यांत मात्र परवानाधारक दुकानं आहेत. सिंदीहून रेल्वेने निघालं की काही स्टेशनांनंतर नागपूर जिल्ह्यातलं बुटीबोरी लागतं.

म्हणजे एका बाजूला मागणी कायम आहे, कायदेशीर पुरवठा बंद आहे आणि हद्द ओलांडली की माल मिळतो. इथूनच दोन धंदे उभे राहतात. पहिला, बाहेरच्या जिल्ह्यातून बाटल्या आणून जास्त भावाने विकणं. त्याला गाडी, पैसा आणि ओळखी लागतात. दुसरा, मोहफुलं आणि गूळ सडवून हातभट्टीची दारू गाळणं. त्याला जवळपास काहीच लागत नाही.

गरीब घरासाठी हा फरक मोठा असतो. किराणा दुकान टाकायचं तर जागा, माल आणि उधारी सोसण्याची ताकद हवी. शिलाई मशीन किंवा शेळीपालनासाठी कर्ज हवं, कर्जासाठी कागदपत्रं हवीत. हातभट्टीला दुकान, परवाना, शिक्षण यांपैकी काही लागत नाही आणि पैसा संध्याकाळी रोख हातात येतो. ज्या वस्तीत बँकेचं कर्ज पोहोचत नाही, तिथे बेकायदा धंदा हाच सर्वांत सहज सुरू करता येणारा ‘व्यवसाय’ ठरतो.

या साखळीत नफ्याची आणि धोक्याची वाटणी मात्र उलटी आहे. कच्चा माल पुरवणारा आणि दारू उचलून पुढे विकणारा सहसा भट्टीपाशी नसतो. छाप्यात सापडतो तो भट्टीपाशी असलेला माणूस, बऱ्याचदा बाई.

पारधी बेडे आणि जुना शिक्का

वर्धा पोलीस हातभट्टीविरोधात ‘वॉश आऊट’ मोहिमा राबवतात. त्यांच्या बातम्यांत ‘पारधी बेडा’ हा शब्द वारंवार येतो. त्यामुळे हा समाजच गुन्हेगार आहे, असा समज पसरतो. इतिहास पाहिला तर वेगळी गोष्ट दिसते.

ब्रिटिशांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला आणि १९११ मध्ये त्याची व्याप्ती देशभर वाढवली. या कायद्याने काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं. नोंदणी, हजेरी आणि परवानगीशिवाय गाव न सोडण्याची सक्ती अशी बंधनं त्यांच्यावर आली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला, म्हणून तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. पण जमातीवरचा संशय कागदावरून गेला तरी मनातून गेला नाही.

पारधी समाजाचा पिढीजात व्यवसाय शिकारीचा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार गुन्हा ठरली. वन्यजीवांसाठी हा कायदा गरजेचा होता, पण ज्यांचा व्यवसाय गेला त्यांना त्या बदल्यात जमीन किंवा दुसरं काम सर्वत्र मिळालं नाही. अनेक बेडे गायरानावर किंवा सरकारी जागेवर वसले. जागा नावावर नाही म्हणून घराचा कागद नाही, आणि घराचा कागद नाही म्हणून पुढची कागदपत्रं मिळवताना अडचणी.

महाराष्ट्रात पारधी समाज अनुसूचित जमातींच्या यादीत आहे. म्हणजे शिष्यवृत्ती, आश्रमशाळा, आरक्षण, आदिवासी विकास विभागाच्या योजना हे सगळं कागदावर आहे. पण जातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० च्या आधीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. ज्यांचे आजोबा पालं घेऊन फिरत होते, त्यांनी तो आणायचा कुठून? दाखला नसेल तर योजना असूनही दाराशी अडतात.

उलटी साखळी: गुन्ह्यामुळे बेकारी

बेकारीमुळे गुन्हा होतो, यावर बरीच चर्चा होते. गुन्ह्यामुळे बेकारी येते, याकडे मात्र दुर्लक्ष होतं.

महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ खाली गुन्हा दाखल झाला की कोर्टाच्या तारखा सुरू होतात. प्रत्येक तारखेला एक दिवसाची मजुरी बुडते. जामिनासाठी आणि वकिलासाठी उसने पैसे घ्यावे लागतात आणि ते फेडण्यासाठी सर्वांत लवकर पैसा देणारा धंदा तोच असतो, ज्यामुळे गुन्हा दाखल झाला. वारंवार गुन्हे दाखल झाले तर मुंबई पोलीस अधिनियमाखाली, म्हणजे आताच्या महाराष्ट्र पोलीस कायद्याखाली, दोन वर्षांपर्यंत तडीपारी होऊ शकते. १९८१ च्या ‘एमपीडीए’ कायद्याच्या नावातच ‘हातभट्टीवाले’ हा शब्द आहे आणि त्याखाली एक वर्षापर्यंत स्थानबद्ध करता येतं.

त्यानंतर नोकरीचा प्रश्न येतो. सुरक्षारक्षक, गोदाम, कंत्राटी कामगार अशा अनेक कामांसाठी पोलिसांची चारित्र्य पडताळणी लागते. तिथे जुनी नोंद आडवी येते.

हा शिक्का किती जड असतो, हे समाजशास्त्रज्ञ देवा पेजर यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगातून दिसलं. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात सारखीच पात्रता दाखवणाऱ्या तरुणांना नोकरीसाठी अर्ज करायला पाठवलं. गुन्ह्याची नोंद नसलेल्या गोऱ्या उमेदवारांपैकी ३४ टक्क्यांना पुढचं बोलावणं आलं, नोंद असलेल्या गोऱ्यांपैकी १७ टक्क्यांना. नोंद नसलेल्या कृष्णवर्णीयांना मात्र फक्त १४ टक्के वेळा बोलावणं आलं आणि नोंद असेल तर ५ टक्के वेळा. म्हणजे काहीही गुन्हा न केलेल्या माणसालाही केवळ त्याच्या समाजामुळे गुन्हेगारापेक्षा कमी संधी मिळाली. बेड्यावरच्या पत्त्यामुळे नोकरी नाकारली जाते, तेव्हा तेच घडत असतं.

आकडे वाचताना एक खबरदारी

दारूचे गुन्हे पोलिसांच्या आकडेवारीत ‘विशेष व स्थानिक कायदे’ या गटात जातात. चोरी-खुनासारखे गुन्हे भारतीय न्याय संहितेच्या गटात येतात. १ जुलै २०२४ च्या आधी हा गट भारतीय दंड विधानाचा होता. चोरी झाली की फिर्यादी ठाण्यात येतो. दारूच्या गुन्ह्यात सहसा फिर्यादी येत नाही, पोलीस छापा टाकतात तेव्हा गुन्हा नोंदवला जातो. त्यामुळे आकडा वाढला तर दारू वाढली असं असू शकतं, किंवा छापे वाढले असंही. एकाच वस्तीवर जास्त छापे पडले तर त्या वस्तीचा आकडाही जास्त दिसतो.

दारूबंदी उठवली तर प्रश्न सुटेल?

चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी होती. मे २०२१ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती उठवण्याचा निर्णय घेतला. अवैध दारू आणि तिच्याभोवती वाढलेली गुन्हेगारी हे कारण सरकारने दिलं.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. मुंबईत दारू कायदेशीर आहे, तरी जून २०१५ मध्ये मालवणी इथे विषारी दारूने १०० हून अधिक लोकांचा जीव घेतला. मेलेले बहुतेक गरीब होते. म्हणजे कायदेशीर दुकान असलं तरी स्वस्त दारूची मागणी उरतेच. आणि विदर्भात दारूबंदीसाठी सर्वांत जास्त रस्त्यावर उतरल्या त्या बायाच, कारण नवऱ्याची मजुरी भट्टीवर संपली की चूल त्यांनाच पेटवायची असते. हातभट्टी गाळणारी बाई आणि हातभट्टी बंद करा म्हणणारी बाई, दोघी बऱ्याचदा एकाच आर्थिक स्तरातल्या असतात.

व्यवसायाचं काय नुकसान होतं?

वस्तीचं नाव खराब झालं की त्याची किंमत सरळमार्गी धंदा करणारेही मोजतात. कर्ज देणारा हात आखडता घेतो, दुकान लवकर बंद करावं लागतं, ठेकेदार बाहेरून मजूर आणतो. त्यामुळे वस्तीत रोजगार आणखी घटतो आणि बेकायदा धंद्याला नवे हात मिळतात.

मग कशाने फरक पडतो?

शिकागोमध्ये २०१२ साली हिंसाचारग्रस्त भागांतल्या १३ शाळांमधल्या १,६३४ मुलांवर एक प्रयोग झाला. काहींना उन्हाळ्याच्या सुट्टीत आठ आठवडे अर्धवेळ काम आणि एक मार्गदर्शक दिला. पुढच्या १६ महिन्यांत त्यांना हिंसक गुन्ह्यांत अटक होण्याचं प्रमाण, काम न मिळालेल्या मुलांच्या तुलनेत, ४३ टक्क्यांनी कमी राहिलं. काम साधंच होतं, पण वेळेवर मिळालं आणि सोबत कुणीतरी लक्ष देणारं होतं.

महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही. मागेल त्याला काम देणारा रोजगार हमी कायदा राज्याने १९७७ मध्येच केला. हंगाम संपल्यावर हातभट्टीशी स्पर्धा करू शकेल अशी गोष्ट म्हणजे हेच काम. अट एकच, मजुरी लवकर मिळायला हवी. हातभट्टी रोज पैसे देते. रोजगार हमीचे पैसे महिन्यांनी आले तर स्पर्धा तिथेच संपते.

सिंदीसमोरचा प्रश्न

सिंदीच्या लॉजिस्टिक पार्कसाठी सुमारे १५० एकर जागा आहे. शेजारून मुंबई-हावडा रेल्वेमार्ग जातो, आणि जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला. अशा ठिकाणी कामं कोणती निघतात? क्रेन आणि फोर्कलिफ्ट चालक, ट्रकचालक, संगणकावर नोंदी ठेवणारे, सुरक्षारक्षक, हमाल. यातल्या बऱ्याच कामांसाठी आयटीआयचं प्रमाणपत्र, वाहन परवाना किंवा चारित्र्य पडताळणी लागते.

राज्याच्या धोरणानुसार सरकारी प्रोत्साहनं घेणाऱ्या उद्योगांनी ८० टक्के नोकऱ्या स्थानिकांना द्यायच्या असतात. पण ‘स्थानिक’ म्हणजे राज्यात १५ वर्षं राहिलेला माणूस. त्यात पुण्याचाही येतो आणि सिंदीचाही. बेड्यावरच्या मुलासाठी वेगळी जागा त्यात नाही.

म्हणून गोदामांची शटरं उघडण्याआधीच काही साधी कामं व्हावी लागतात. बेड्यावर शिबिर घेऊन जातीचे दाखले आणि वाहन परवाने देणं, जवळच्या आयटीआयमध्ये योग्य अभ्यासक्रम सुरू करणं, दारू सोडून दुसरा धंदा करू पाहणाऱ्या बायांच्या बचतगटांना कर्ज मिळवून देणं. ही कामं नंतरसाठी ठेवली, तर सिंदीतून कंटेनर जात राहतील आणि त्याच रस्त्यावर पोलीस दुचाकी अडवून डिक्की तपासत राहतील.