मज्जेपासून एक्झोसोमपर्यंत : एका आशेचा इतिहास



हल्ली जाहिरातींतून दोन शब्द आपल्या कानांवर वारंवार पडतात : ‘स्टेम सेल’ आणि ‘एक्झोसोम’. गुडघेदुखी असो, मधुमेह असो, टक्कल असो, की लहान मुलाचे न उमटणारे बोल असोत, एका सुईत सारे बरे होईल, असे सांगितले जाते. ज्याच्या घरी आजारी मूल आहे असा बाप ही जाहिरात वाचून थबकतो आणि घरातील दागिने मोडण्याचा विचार करू लागतो. त्याला आपण दोष देऊ शकत नाही. पण पैसे मोजण्यापूर्वी या उपचारांचा इतिहास त्याने ऐकावा, म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू. स्टेम सेलला मराठीत मूळपेशी म्हणतात. शेतकरी सारे धान्य खाऊन टाकीत नाही. पुढील पेरणीसाठी थोडे बियाणे राखून ठेवतो. शरीरही तसेच करते. मूळपेशी आपल्यासारखी दुसरी मूळपेशी निर्माण करून बियाणे टिकविते आणि गरजेप्रमाणे रक्ताची, कातडीची किंवा अन्य कामाची पेशीही निर्माण करते. जर्मन शास्त्रज्ञ हेकेल याने १८६८ साली हा शब्द वापरला. १९०९ साली रशियन शास्त्रज्ञ मॅक्सिमोव्ह याने रक्तातील सर्व पेशींचा पूर्वज एकच असावा, असे मत मांडले. परंतु त्याचा पक्का पुरावा मिळण्यास अर्धे शतक जावे लागले.

त्या पुराव्याची वाट एका भीषण घटनेतून गेली. १९४५ साली हिरोशिमा व नागासाकीवर अणुबाँब पडले. स्फोटातून वाचलेली अनेक माणसे काही आठवड्यांनी रक्तस्राव आणि जंतुसंसर्गाने दगावली, कारण किरणोत्सर्गाने त्यांच्या हाडांतील मज्जा, म्हणजे रक्त तयार करणारा कारखानाच, बंद पाडला होता. ही मज्जा पुन्हा कशी उभी करावी, हा प्रश्न शास्त्रज्ञांपुढे उभा राहिला. कॅनडातील टोरांटो येथे जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅक्युलॉक यांनी किरणांनी मज्जा नष्ट केलेल्या उंदरांना निरोगी उंदरांची मज्जा टोचली. दहाएक दिवसांनी उंदरांच्या प्लीहेवर बारीक गाठी दिसल्या. जितक्या अधिक पेशी टोचाव्यात तितक्या अधिक गाठी! प्रत्येक गाठ एकाच पेशीपासून वाढली होती, हे त्यांनी १९६१ आणि १९६३ मधील निबंधांतून दाखवून दिले. मूळपेशी आता केवळ कल्पना राहिली नव्हती. ती मोजता येऊ लागली होती.

उपचाराची कथा मात्र अपयशाने सुरू होते. अमेरिकेत डॉ. डोनाल थॉमस यांनी १९५७ साली सहा रुग्णांना दुसऱ्याची मज्जा दिल्याचे प्रसिद्ध केले. त्यांपैकी एकही रुग्ण शंभर दिवसांपलीकडे जगला नाही. अनेकांनी ही वाट सोडली. थॉमस यांनी सोडली नाही. मज्जा जुळणे म्हणजे काय, हे हळूहळू उमगत गेले. १९६८ साली मिनेसोटा येथे डॉ. रॉबर्ट गुड यांनी काही महिन्यांच्या एका बाळाला त्याच्या बहिणीची मज्जा दिली आणि ते बाळ वाचले. १९८३ साली आपल्या मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात भारतातील पहिले मज्जारोपण झाले. १९९० साली थॉमस यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पहिल्या अपयशापासून या सन्मानापर्यंत तेहतीस वर्षे गेली, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

या इतिहासाशी आपल्या घरांचाही संबंध आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभी थॅलेसेमिया या रक्तरोगावर मज्जारोपणाने उपचार होऊ लागले. हा रोग आई आणि बाप दोघेही वाहक असल्यास मुलात उतरतो. प्रत्येक गरोदरपणात त्याचा धोका २५ टक्के असतो. चुलत-मामे भावंडांत सोयरीक झाल्यास दोघेही वाहक असण्याचा संभव वाढतो. लग्नापूर्वी एक साधी रक्ततपासणी केली तर पुढचे पुष्कळ दुःख टळते. पत्रिका छापण्याआधी ही तपासणी करण्यात लाज कसली?

१९८१ साली उंदराच्या आणि १९९८ साली मानवाच्या गर्भावस्थेतील मूळपेशी प्रयोगशाळेत वाढविण्यात यश आले. तेव्हा जगभर धर्म आणि नीतीचा वाद उसळला. मुस्लिम जगाने या प्रश्नाकडे पाठ फिरविली नाही. तेहरानच्या रोयान संस्थेने २००३ साली अशा पेशी तयार केल्या. त्याच वर्षी मक्केच्या इस्लामी फिक्ह अकादमीने प्रौढांच्या शरीरातील व नाळेच्या रक्तातील मूळपेशींच्या वापरास मान्यता दिली; मात्र त्यांसाठी मुद्दाम गर्भ पाडण्यास मनाई केली. पुढे २००६ साली जपानच्या शिन्या यामानाका यांनी चार जनुकांच्या साहाय्याने उंदराच्या साध्या पेशीलाच मूळपेशीसारखे बनविले. २०१२ साली त्यांना नोबेल मिळाले.

आता एक्झोसोमकडे वळू. १९८३ साली कॅनडात रोझ जॉनस्टोन मेंढीच्या रक्तातील अपक्व तांबड्या पेशींचा अभ्यास करीत होत्या. पेशी पक्व होताना नको असलेले प्रथिन बारीक पुटकुळ्यांत भरून बाहेर टाकते, असे त्यांच्या गटाला व अमेरिकेतील दुसऱ्या एका गटाला आढळले. १९८७ साली त्यांना एक्झोसोम हे नाव मिळाले. हा पेशीचा केरकचराच, अशी तेव्हा समजूत होती. पण २००७ साली स्वीडनमधील संशोधकांनी दाखविले की या पुटकुळ्यांतून एका पेशीचे जनुकीय संदेश दुसऱ्या पेशीकडे जातात. ज्याला कचरा समजले ती टपाल निघाली! २०१० साली सिंगापूरच्या संशोधकांना मूळपेशींच्या एक्झोसोममुळे उंदरांच्या हृदयाची हानी कमी झाल्याचे दिसले. आशा वाढली. तथापि उंदीर बरा होणे आणि माणूस बरा होणे यांत किती अंतर असते, हे मज्जेच्या इतिहासाने आपल्याला शिकविलेच आहे.

हे अंतर न चालताच काहींनी दुकाने थाटली. अमेरिकेत २०१५ साली एका दवाखान्यात पोटाच्या चरबीतील पेशी डोळ्यांत टोचल्यामुळे तीन स्त्रियांची दृष्टी गेली. डिसेंबर २०१९ मध्ये तेथील औषध प्रशासनाने एक्झोसोमच्या नावाने विकल्या जाणाऱ्या, मान्यता नसलेल्या औषधांमुळे नेब्रास्कातील रुग्णांना गंभीर अपाय झाल्याचा जाहीर इशारा दिला. आपल्या देशात भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे रक्ताच्या ठराविक रोगांवरील मज्जा किंवा रक्तातील मूळपेशींचे रोपण हाच रूढ उपचार होय. अन्य वापर मान्यताप्राप्त चाचणीतच व्हावा, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे.

याचा अर्थ बाकी सारे थोतांड आहे, असा नव्हे. भाजलेल्यांसाठी कातडी वाढविण्याचे काम १९८० च्या दशकापासून होत आले आहे. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत चुन्याने किंवा रसायनाने भाजलेल्या डोळ्यांवर मूळपेशींचे रोपण झाले आहे. २०२३ साली थॅलेसेमियाच्या रुग्णाच्या स्वतःच्याच मूळपेशींत जनुकीय दुरुस्ती करण्याच्या उपचाराला ब्रिटनमध्ये मान्यता मिळाली. या प्रत्येक उपचाराने चाचणीची वाट चालून मान मिळविला.

म्हणून पालकहो, कोणी असा उपचार सुचविला तर चार प्रश्न अवश्य विचारा. या रोगावर या उपचाराला सरकारी मान्यता आहे काय? चाचणी असेल तर तिची नोंद कोठे आहे? चाचणीत भाग घेण्यासाठी माझ्याकडून पैसे का मागता? अपाय झाल्यास जबाबदारी कोणाची? उत्तर टाळले गेले तर उठून या आणि मोठ्या सरकारी रुग्णालयातील डॉक्टरांचा सल्ला घ्या. आजार देणाऱ्याने इलाजही ठेवला आहे, ही आपली श्रद्धा आहे. पण तो इलाज शोधावा लागतो, आणि शोधाला अक्कल लागते, सबुरी लागते.

विद्यार्थी मित्रांनो, हे शोध लावणारे लोक वर्षानुवर्षे उंदीर, मेंढ्या आणि सूक्ष्मदर्शक यांच्यासोबत बसले. उद्या त्या बाकावर तुमच्यापैकी एखादी मुलगी वा मुलगा बसावा, एवढ्यासाठीच आपल्या मुरब्बींनी पै-पै जमवून शाळा उभ्या केल्या. जीवशास्त्राचा धडा केवळ गुणांपुरता वाचू नका. घरी गेल्यावर तो आईवडिलांनाही समजावून सांगा.