मोझली ओल्ड हॉल

मोझली ओल्ड हॉल : इंग्लंडच्या स्टॅफर्डशर परगण्यात, वुल्व्हरहॅम्प्टन शहराच्या उत्तरेस असलेले ऐतिहासिक शेतघर. हेन्री पिट याने ते सुमारे 1600 मध्ये बांधले. आज ते विटांचे दिसते. मूळ बांधणी मात्र ओकच्या लाकडी सांगाड्याची आहे. विटांचे आवरण सुमारे 1870 मध्ये चढले व त्यासोबत खिडक्याही बदलल्या. हे आवरण म्हणजे विद्रूपीकरण, असे सहज म्हटले जाते. ते पटण्याजोगे नाही. सांगाड्याचे खण कुडाने भरून लिंपण्याची त्या काळची रीत होती. पावसाळी हवेत लिंपण दर काही वर्षांनी दुरुस्त करावे लागे आणि जमिनीलगतची तुळई आधी कुजे. विटांवरील कर 1850 मध्ये उठला होता, भट्ट्यांना लागणारा कोळसा जवळच्याच खाणींत होता. अशा वेळी भोवती विटांची भिंत घालणे ही शेतघराची व्यवहारी डागडुजी ठरते. विटेआड ओलावा कोंडून लाकूड सडते, हा आक्षेप खरा आहे, आणि जुनी दर्शनी बाजू गेली ही हानी भरून येणारी नाही. तरीही आतला सांगाडा व भिंतींवरचे लाकडी तक्तपोशीचे काम बव्हंशी शाबूत आहे. घर पाडून नवे बांधले असते तर यातले काहीच उरले नसते.

घराची सर्वाधिक लिखित माहिती दोन दिवसांची आहे. वुस्टरच्या लढाईत (3 सप्टेंबर 1651) हरलेला राजा दुसरा चार्ल्स 8 सप्टेंबरच्या पहाटे मागच्या दाराने येथे आला. कॅथलिक घरमालक टॉमस व्हिटग्रीव्ह याने ती हकीकत स्वतः लिहून ठेवली. पाद्री जॉन हडलस्टनही तेव्हा येथेच होता. कपाटवजा कोनाड्याच्या जमिनीखाली पाद्र्यांसाठी केलेली लपण्याची जागा आहे. सैनिक आले तेव्हा सहा फुटांहून उंच राजा तीत अंग चोरून बसला. वास्तूच्या दृष्टीने ही जागा राजापेक्षा मोलाची : बंदी असलेल्या कॅथलिक उपासनेसाठी साध्या शेतघराच्या रचनेत काय काय सामावून घेतले जाई, याचा तो ठोस पुरावा आहे. विटांनी घर बाहेरून झाकले; आतल्या या रचनेला धक्का लावला नाही.

1962 पासून वास्तू नॅशनल ट्रस्टकडे आहे.

उद्यान : 1640 च्या एका आराखड्यावरून नव्याने आखलेले.