बालभौतिकोपचार, पदव्युत्तर अध्ययन (कावेरी त्रिभुज प्रदेश)

जन्मतः अथवा बाल्यावस्थेत उद्भवलेल्या व्याधींमुळे ज्यांची हालचाल, शरीरस्थिती किंवा श्वसनक्रिया बाधित झाली आहे, अशा बालकांवर व्यायाम, हस्तोपचार आणि आधारसाधने यांच्या योगे करावयाच्या उपचारांचे विशेष अध्ययन. भौतिकोपचाराचा (फिजिओथेरपीचा) चार वर्षांचा पदवी-अभ्यासक्रम आणि सहा महिन्यांची अंतर्वासिता संपविल्यानंतर दोन वर्षांत ते पुरे करावे, अशी रीत आजवर बहुतेक ठिकाणी चालत आली आहे. काही विद्यापीठांत बालरोगांची शाखा स्वतंत्र असते, तर इतरत्र ती मज्जाविकारांच्या शाखेत सामावलेली असते. तमिळनाडूत १९८८ पासून कार्यरत असलेले चेन्नईचे डॉ. एम. जी. आर. वैद्यकीय विद्यापीठ ही पदव्युत्तर पदवी देते. कावेरीच्या मुखप्रदेशाला सर्वांत जवळचे शासकीय भौतिकोपचार महाविद्यालय तिरुचिरापल्ली येथे आहे.

भारतातील या विद्येचा उगम मुंबईत झाला, पण त्याच्या मुळाशी मद्रासचा एक धागा आहे. फातिमा इस्माईल यांच्या कन्येस पोलिओ झाला, तेव्हा मद्रासचे अस्थिशल्यविशारद डॉ. एम. जी. किणी यांच्या उपचारांनी तिला जो गुण आला, तो पाहून त्या मातेने १९४७ साली मुंबईत अपंग बालकांसाठी चिकित्सालय उघडले आणि त्यातूनच पुढे हाजीअलीचे बाल-अस्थिरुग्णालय उभे राहिले. परळच्या के. ई. एम. रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या साह्याने १९५२-५३ च्या सुमारास देशातील पहिली भौतिकोपचार-शाळा सुरू झाली, तीही पोलिओच्याच छायेत. जानेवारी २०११ नंतर देशात वन्य पोलिओचा रुग्ण आढळला नाही. त्यामुळे ज्या व्याधीसाठी ही विद्या येथे रुजली तीच ओसरली आणि अध्ययनाचा केंद्रबिंदू मेंदूच्या इजेकडे, म्हणजे सेरेब्रल पाल्सीकडे, सरकला. हा बदल किती मूलगामी होता, याची जाण अभ्यासक्रमांना उशिरा आली असे म्हणावे लागते. कारण पोलिओत दुर्बल स्नायूला बळ द्यावयाचे असते, तर सेरेब्रल पाल्सीत हालचालीचे नियंत्रण करणारे केंद्रच दुखावलेले असते आणि ताठरलेल्या स्नायूंशी झगडत बालकाला नवी हालचाल शिकवावी लागते.

कावेरी त्रिभुज प्रदेशातील तंजावरास वैद्यकीय नोंदीची परंपरा जुनी आहे. तेथील मराठे राजे सरफोजी महाराजांनी (कारकीर्द १७९८–१८३२) धन्वंतरी महाल स्थापून देशी व पाश्चात्त्य वैद्यकाचा एकत्र अभ्यास करविला, आणि त्यांच्या काळचे नेत्ररुग्णांचे सचित्र वृत्तांत सरस्वती महाल ग्रंथालयात जपले गेले आहेत. प्रत्येक रुग्णाची स्थिती उपचारापूर्वी व उपचारानंतर लिहून ठेवण्याची ती शिस्त आजच्या प्रबंधलेखनाचाही पाया आहे, आणि मराठी दरबाराच्या स्मारकांत मी तिला देवळांच्या जीर्णोद्धाराइतकेच मोठे स्थान देईन. शहरातील राजा मिरासदार रुग्णालय, ज्याच्या नावातच राजघराणे व जमीनदार मिरासदार यांच्या देणगीची खूण राहिली आहे, आज तंजावर वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न आहे.

या प्रदेशातील बालक उपचारकापुढे येते ते बहुधा पुढील कारणांनी : प्रसूतीच्या वेळी प्राणवायूचा अभाव, अकालजन्म, नवजाताची तीव्र कावीळ, जन्मजात वाकडे पाऊल, आणि आनुवंशिक स्नायुक्षय. आनुवंशिक दोषांबाबत नात्यातील विवाहाची रीतही ध्यानात घ्यावी लागते. मराठी मुलखात मामेबहिणीशी विवाह संमत आहे. तमिळ मुलखात मामा-भाचीचा विवाहही रूढ आहे. अशा संबंधांत मेरुरज्जूतील चेतापेशींच्या क्षयासारखे अप्रकट आनुवंशिक दोष संततीत एकत्र येण्याचा संभव वाढतो. मात्र ड्यूशेनचा स्नायुक्षय हा मातेकरवी पुत्रास पोहोचणारा दोष आहे, त्याचे खापर नात्यातील विवाहावर फोडता येत नाही. हा भेद कुटुंबाला न दुखावता समजावून सांगणे उपचारकाला आलेच पाहिजे. वाकड्या पावलासाठी पोन्सेटी पद्धतीने दर आठवड्यास प्लास्टर बदलतात. नंतर पट्ट्याचे बूट प्रथम जवळजवळ अहोरात्र आणि पुढे चार वर्षांपर्यंत रात्री घालावे लागतात. उपचार फसतो तो प्लास्टरच्या टप्प्यावर क्वचित, बूट सोडून दिल्यामुळे मात्र वारंवार.

सेरेब्रल पाल्सीच्या बालकांची चलनक्षमता पाच श्रेणींत मोजण्याची पद्धत १९९७ साली कॅनडात निर्माण झाली आणि आज ती सर्वत्र प्रमाण मानली जाते. तिचा उपयोग निर्विवाद आहे. तथापि तिच्यात जिना, कठडा आणि चाकाची खुर्ची यांना जे स्थान आहे, ते या प्रदेशातील तिरुवैयारु किंवा पापनाशमच्या खेड्यातील घराला लागू पडत नाही. तेथे जेवण जमिनीवर मांडी घालून होते, शौचास उकिडवे बसावे लागते आणि घरापासून रस्त्यापर्यंतची वाट पुष्कळदा भातखाचरांच्या बांधावरून जाते. बालक दहा पावले चालले की नाही, याबरोबरच ते उकिडवे बसून आधाराविना उठते की नाही, हे नोंदविणारा विद्यार्थीच त्या घराच्या उपयोगाचा.

या गावांतून तान्ह्या बाळाला पसरलेल्या पायांवर घेऊन तेल चोळण्याची व न्हाऊ घालण्याची रीत आहे, जशी ती महाराष्ट्रातही आहे. एक पाय दुसऱ्यापेक्षा ताठ आहे, मूठ उघडत नाही, चौथ्या महिन्यानंतरही मान धरत नाही, हे न्हाऊ घालणाऱ्या वृद्धेच्या हाताला वैद्याच्या आधी कळते. उपचारकाने तिला ‘जोराने ओढू नये’ एवढे सांगून न थांबता तिच्याकडून वृत्तांत घ्यावा. रोगनिदान काही महिने लवकर होणे ही मेंदूच्या वाढीच्या दृष्टीने फार मोठी मिळकत आहे. शेतीचा हंगामही ध्यानात घ्यावा लागतो. कावेरीवरील मेट्टूर धरणाचे पाणी सोडण्याची रूढ तारीख १२ जून. त्यानंतर कुरुवै भाताची लावणी सुरू झाली म्हणजे मजुरीवर जाणाऱ्या आईला आठवड्यातून तीनदा शहरात येणे शक्य होत नाही. अशा वेळी व्यायाम न्हाणे, भरविणे, कडेवर घेणे या क्रियांतच गुंफून द्यावा लागतो.

२०१३ च्या राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाने जिल्हावार शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची तजवीज केली. ५ ऑगस्ट २०२१ पासून तमिळनाडू शासनाची ‘मक्कळै तेडि मरुत्तुवम्’ ही योजना भौतिकोपचारकाला घरोघर पाठविते. त्याच वर्षीच्या केंद्रीय कायद्याने या व्यवसायाच्या शिक्षणाचे किमान दंडक ठरविण्याचा अखत्यार एका राष्ट्रीय आयोगास दिला. या आयोगाने पदव्युत्तर विद्यार्थ्यास खेड्यातील मुक्काम सक्तीचा करावा, आणि प्रबंधासाठी निवडलेल्या बालकाचा उपचार प्रबंध स्वीकृत होताच खंडित होणार नाही, याची लेखी हमी महाविद्यालयाकडून घ्यावी.