बावरीचे भय

गोदावरीच्या काठी, अश्मक देशात, बावरी नावाचा एक वृद्ध ब्राह्मण आश्रम करून राहत असे. अश्मकाची राजधानी म्हणजे आजचे बोधन, असे अनेक संशोधक मानतात. आणि बोधन काही बिलोलीहून दूर नाही. तेव्हा बावरी आपल्या नांदेडच्याच मुलखातला म्हणायचा!

‘सुत्तनिपात’ या पाली ग्रंथात त्याची कथा आहे. यज्ञात सर्वस्व देऊन बसलेल्या बावरीकडे एका याचकाने पाचशे नाणी मागितली. ती मिळेनात, तेव्हा त्याने शाप दिला की सातव्या दिवशी तुझ्या मस्तकाची सात शकले होतील. झाले! म्हाताऱ्याचे अन्न तुटले, ध्यान लागेना. शेवटी एका देवतेने त्याला बुद्धांचे नाव सांगितले. बावरीने सोळा शिष्य धाडले. पैठण, उज्जयिनी, श्रावस्ती करीत ते मगधात पोचले. तेथे त्यांना कळले की फुटायचे असते ते अज्ञानाचे मस्तक, आणि ते फोडते ज्ञान.

वर्गात ही गोष्ट सांगितली की मुले हमखास विचारतात, “गुरुजी, मग सातव्या दिवशी काय झाले?” काही झाले नाही. याचक भोंदू होता.

१९७८ सालचे भय मात्र खोटे नव्हते. २७ जुलैला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. नांदेड जिल्ह्याला त्याची फार झळ बसली. बौद्ध वस्त्या जळाल्या. टेंभुर्णीत पोचीराम कांबळे मारले गेले. अशा भयाला नुसते ज्ञान कसे पुरावे?

धम्म म्हणजे डोळे मिटून बसणे, असे समजणाऱ्यांनी बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचावा. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य युद्धाला निघाले, तेव्हा सिद्धार्थाने भर संघात विरोध केला. बहुमत विरुद्ध गेले. पण त्याने शस्त्र उचलले नाही, घर सोडणे पत्करले.

नामांतरवाद्यांनीही रस्ता धरला. १९७९ मध्ये नागपूरहून औरंगाबादकडे लाँग मार्च निघाला. सत्याग्रह झाले, तुरुंग भरले. संताप नव्हता असे कोण म्हणेल? पण मागणी सुटली नाही. १४ जानेवारी १९९४ रोजी ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ हे नाव लागले. त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ निघाले आणि लातूरच्या लेकरांनाही ते जवळचे झाले.

नांदेडजवळ दाभडला पौष पौर्णिमेस धम्म परिषद भरते. पांढऱ्या लुगड्यांतल्या आयाबाया दुरून येतात. ज्यांनी जळती घरे पाहिली, त्यांतल्याही काही जणी तिथे असतील. ज्या महाविहारात त्या जातात, त्याचे नाव ठाऊक आहे? बावरीनगर! भ्यालेल्या, पण घरात दडून न बसता विचारायला माणसे पाठवणाऱ्या त्या म्हाताऱ्याचे नाव गोदाकाठाने अजून जपले आहे.