हळदीचा पुरावा

हळद आपल्या घरात किती वाटांनी वावरते! फोडणीत ती, नवरीच्या अंगाला ती, हळदीकुंकवाच्या करंड्यात ती, आणि विळीने बोट कापले की हात जातो तोही हळदीच्या डब्याकडेच. राहात्याचे नाव पेरूने झाले, हळदीचे सांगलीने. तरी राहात्याच्या एकाही स्वयंपाकघराचे हळदीवाचून भागत नाही. अशा या घरच्या हळदीच्या एका गुणावर परक्यांनी हक्क मिळवला होता व तो सोडवून घ्यावा लागला. ही हकीकत भगिनींनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

प्रथम हळदीच्या अंगी काय आहे ते पाहू. फोगेल व पेल्तिए या शास्त्रज्ञांनी १८१५ साली हळदीतील पिवळे द्रव्य वेगळे काढले. तेच कर्क्युमिन. हळदीत ते शंभर भागांत सुमारे दोन ते पाच भाग असते. त्याची रासायनिक रचना १९१० साली उलगडली. हळदीला चुना लागताच ती लाल होते ती याच द्रव्यामुळे. हळदीचे कुंकू करण्याची जुनी रीतही याच गुणावर बेतलेली आहे. कर्क्युमिन सूज कमी करते व काही जंतूंची वाढ रोखते, असे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. मात्र पोटात घेतल्यास ते अंगी फारसे लागत नाही. जोडीला मिरीतील पिपरीन असेल तर त्याचे शोषण पुष्कळ वाढते, असे बंगळूरच्या संशोधकांनी १९९८ साली दाखवले.

आता मूळ हकीकत. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला, जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट, म्हणजे कायदेशीर मक्ता, मिळाला. भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने १९९६ साली त्यास हरकत घेतली. परिषदेचे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर, गोव्यातील माशेलचे, आणि वडिलांच्या माघारी आईने काबाडकष्ट करून शिकवलेले.

‘आमच्या घरोघरी हे ठाऊक आहे’ एवढे सांगून भागण्यासारखे नव्हते. अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्यात परदेशातील नुसती वहिवाट पुरावा ठरत नसे. छापील मजकूर लागे. परिषदेने बत्तीस आधार पुढे ठेवले. त्यांत जुने संस्कृत ग्रंथ होते, तसा १९५३ साली एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकात आलेला लेखही होता. ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंटचे दावे फेटाळले गेले. पुढे २००१ साली जुन्या ग्रंथांतील औषधी ज्ञानाचा संग्रह करण्याचे काम सरकारने हाती घेतले.

हळद सुटली ती कोणीतरी लिहून ठेवले होते म्हणून. वैद्यांची विद्या ग्रंथांत आली. आपल्याच जिल्ह्यात, नगरला, १९१७ सालापासून आयुर्वेदाचे विद्यालय आहे. पण आजीच्या बटव्यातील अडुळसा, ओवा, वेखंड यांच्या घरगुती कृती पुष्कळदा तोंडीच राहिल्या, आणि आजीबरोबरच गेल्या.

म्हणून मंडळाने एक वही घालावी. कोणती वनस्पती, तिचा कोणता भाग, किती, कशासाठी, आणि कोणाकडून शिकलो, हे तीत प्रत्येकीने नोंदवावे. कोठे थांबावे तेही लिहावे: खोल जखमेला हळद पुरत नाही, डॉक्टरांकडे जाऊन धनुर्वाताची लस घ्यावी लागते. पुढील वर्धापनदिनापर्यंत त्या वहीची निदान दहा पाने भरलेली असावीत.