हिवाळ्यासाठी घडलेला कायदा आणि शिकागोचा उन्हाळा

१/ गरिबाच्या घरातील उबेचा खर्च कोणी उचलावा? १९७३ पूर्वी अमेरिकेत हा राष्ट्रीय धोरणाचा प्रश्न नव्हता. तो कसा झाला, त्याची ही कथा. #थ्रेड

२/ ऑक्टोबर १९७३. अरब-इस्रायल युद्धाच्या काळात अरब देशांनी अमेरिकेचा तेलपुरवठा रोखला. पिंपामागे सुमारे ३ डॉलर असलेला भाव काही महिन्यांत ११ डॉलरांपलीकडे गेला. ईशान्येकडील असंख्य घरे तेलावरच तापत. तेथील गरिबांपुढे पेच पडला : अन्न की ऊब?

३/ आरंभी मदत तात्पुरती होती. १९७६ च्या कायद्याने गरिबांच्या घरांतील फटी बुजवून उष्णता राखण्याची योजना आली. १९७९ च्या इराणी क्रांतीनंतर भाव पुन्हा भडकले. एप्रिल १९८० मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी तेल कंपन्यांच्या अनपेक्षित नफ्यावर कर बसवला. त्याच कायद्यात ऊर्जाखर्चाच्या मदतीची तरतूद होती.

४/ ऑगस्ट १९८१ मध्ये रेगन यांच्या काळात तिला आजचे रूप मिळाले. केंद्राने राज्यांना एकरकमी अनुदान द्यावे आणि राज्यांनी ते वाटावे, अशी ही योजना 'लायहीप' या संक्षिप्त नावाने ओळखली जाते. तिच्यात गारव्याचा खर्चही धरला होता.

५/ मात्र निधीवाटपाचे सूत्र थंड राज्यांकडे झुकलेले होते. १९८४ मध्ये ते बदलले, पण थंड राज्यांचा वाटा एकाएकी घटू नये म्हणून संरक्षक अटीही घातल्या गेल्या. जुना कल पुरता पुसला गेला नाही.

६/ जुलै १९९५, शिकागो. पारा ४१ अंशांवर गेला. उष्णतेच्या लाटेत ७०० हून अधिक माणसे दगावली. त्यांत एकाकी, गरीब वृद्धांचे प्रमाण मोठे होते. कित्येकांकडे वातानुकूलन यंत्र नव्हते. काहींना ते चालवण्याचा खर्च परवडत नव्हता. थंडीसाठी ओळखल्या जाणाऱ्या शहरात उकाडा जीवघेणा ठरला.

७/ आजही ही मदत कायद्याने मिळालेला हक्क नाही. काँग्रेस दरवर्षी रक्कम मंजूर करते. ती संपली की पात्र अर्जदारही रिकाम्या हाती परततो. पात्र कुटुंबांपैकी बहुसंख्यांपर्यंत ती पोहोचत नाही. म्हणून हंगाम सुरू होताच स्थानिक संस्थेकडे अर्ज करणे श्रेयस्कर.

८/ तेलटंचाईने ऊब हा सार्वजनिक प्रश्न बनवला. गारव्याला तेच स्थान मिळण्यासाठी मात्र माणसांचे प्राण जावे लागले आणि तरीही ते पुरते मिळालेले नाही.

(समाप्त)