महायुगाच्या संख्येची वाटणी

देवकार्याच्या आरंभी संकल्प सोडताना 'कलियुगे प्रथमचरणे' हे शब्द उच्चारले जातात. त्यांच्यामागे महायुगाची ४३,२०,००० वर्षे उभी आहेत. ही संख्या ऐकून भाविक हात जोडतो आणि टीकाकार हसतो. तिला भागून पाहण्याचे दोघांच्याही मनात येत नाही. आपल्या पूर्वसूरींनी मात्र ती भागून पाहिली होती.

या संख्येचे मूळ अवयव पाडले तर दोन आठ वेळा, तीन तीन वेळा व पाच चार वेळा येतात. चौथा अवयव नाही. म्हणूनच तिला निःशेष भागणाऱ्या संख्या १८० आहेत. स्मृतिपुराणांनी तिचे दहा भाग करून कलीला एक, द्वापाराला दोन, त्रेतेला तीन व कृताला चार दिले. इ. स. ४९९ च्या सुमारास आर्यभटाने तिचे १०,८०,००० वर्षांचे चार समान पाद केले, आणि ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने त्याबद्दल त्याला दोष दिला. वाटणीचे दावे चालविणाऱ्या आम्हांस या वादाचे कौतुक वाटते: मिळकत एक, वाटण्या दोन आणि बाकी कोणत्याच वाटणीत नाही!

सूर्य मात्र आपल्या सोयीने चालत नाही. आर्यभटाने महायुगाचे दिवस १,५७,७९,१७,५०० धरले. वर्षे व दिवस या दोन्ही संख्यांना ७,५०० ने भागले, की ५७६ वर्षांस २,१०,३८९ दिवस असे प्रमाण येते. या दोहोंना भागणारी एकाहून मोठी संख्या नाही. अशा संख्यांना 'दृढ' म्हणत. यावरून वर्षमान ३६५ दिवस, १५ घटी, ३१ पळे, १५ विपळे निघते. आजच्या नाक्षत्र वर्षाहून ते सुमारे ३ मिनिटे २० सेकंदांनी अधिक आहे. म्हणजे सुमारे ४३० वर्षांत एका दिवसाचा फरक.

गेलेल्या दिवसांना ५७६ ने गुणून २,१०,३८९ ने भागले, की सूर्याच्या फेऱ्या मिळतात. उलट, केवळ बाकीवरून दिवस शोधावयाचे, हे 'कुट्टका'चे काम. संख्या दृढ असल्यामुळे २,१०,३८९ दिवसांच्या आत उत्तर एकच येते. आर्यभटाची ही रीत पहिल्या भास्कराने ६२९ च्या भाष्यात उकलून दाखविली. त्यातील एक सोपा प्रश्न असा: ८ ने भागता ५, ९ ने भागता ४ आणि ७ ने भागता १ उरते, ती संख्या कोणती? उत्तर ८५.

ही विद्या देवळापासून दूर नव्हती. 'लीलावती'कार भास्कराचार्यांनीही कुट्टक शिकविला. चाळीसगावजवळ पाटण येथील भवानीच्या देवळातला १२०७ चा शिलालेख सांगतो, की त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला. हा लेख १८६५ मध्ये प्रसिद्ध करणारे डॉ. भाऊ दाजी लाड हे पेडण्यातील मांद्र्याचे. लेखाच्या मराठी भागात मठाला लावून दिलेल्या उत्पन्नाची नोंद आहे. आमच्या देवस्थानांच्या महाजनांनी आपल्या वार्षिक हिशेबात गणिताच्या अध्यापनासाठी असेच एक कलम घालावे, एवढीच आमची विनंती आहे.